अंजनाबाईंची चूल

यंदा आमच्या दारावर मोजणीवाली शिक्षिका आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. डोक्यावरून गुंडाळलेला दुपट्टा, खांद्याला पिशवी, हातात मोबाइल. घरात किती माणसं, असं तिने विचारलं आणि मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. टाचा भेगाळल्या होत्या. तिला आत घेतलं, कूलरसमोर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि म्हटलं, माणसं कुठे पळून जात नाहीत, पाच मिनिटं बस. ती बसली. मग एक एक प्रश्न वाचत गेली, मी उत्तरं देत गेले. ती गेल्यावर माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

या अंकाच्या संपादकांनी शाळेतल्या आठवणी मागितल्या होत्या. मी महापालिकेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होते. पोरांच्या आठवणी गोड असतात, पण त्या पुष्कळ जणांनी लिहिल्या आहेत. माझ्या नोकरीचा मोठा तुकडा वर्गाबाहेर, लोकांच्या दारात गेला. जनगणना, मतदार यादी, पोलिओचे डोस, शाळेत न जाणारी पोरं, संडास आहे की नाही याची यादी. सरकारला काहीही मोजायचं असलं की शिक्षक आठवतो. वर्गावर दुसऱ्याच कुणी बाई दोन वर्ग एकत्र घेऊन बसायच्या आणि आमची पोरं पाढे विसरायची. त्याचा हिशेब कुणी मागितला नाही आणि आता मी देऊ म्हटलं तरी देता येणार नाही.

माझा गट नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावामागचा होता. गट म्हणजे एका शिक्षकाच्या वाट्याला आलेल्या गल्ल्या, सव्वाशे-दीडशे घरं. बाहेरच्या माणसाला वाटतं, माणसं मोजायला काय लागतं, बोट फिरवलं की झालं. आमच्या प्रशिक्षणात मात्र अर्धा दिवस 'कुटुंब म्हणजे काय' यातच जायचा. एक आडनाव म्हणजे कुटुंब नाही. एक छप्पर म्हणजेही नाही. जे एका चुलीवरचं खातात ते एक कुटुंब. चार परकी पोरं एका खोलीत मिळून खिचडी टाकत असतील तर ते एक कुटुंब, आणि सख्खे भाऊ एका घरात वेगवेगळं रांधत असतील तर ती दोन. मला हा नियम फार आवडला होता. पुस्तिकेच्या त्या पानाचा कोपराही मी दुमडून ठेवला होता.

काम दोन टप्प्यांत व्हायचं. आधी उन्हाळ्यात घरांची यादी. दर घरावर आकडा टाकायचा आणि आत किती कुटुंबं आहेत ते लिहायचं. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी फाटक नुकतंच रंगवलं होतं. त्यांनी हात जोडून सांगितलं, बाई, आकडा मागे नालीकडच्या भिंतीवर टाका. मी टाकला. नंतर तपासणीला आलेल्या साहेबांना ते घर सापडेना आणि बोलणी मी खाल्ली. दुसरा टप्पा पुढच्या फेब्रुवारीत, तेव्हा माणसं मोजायची. नाव, वय, धर्म, शिक्षण, काम.

वय विचारणं हे एक प्रकरणच असतं. एका आजोबांनी वय सांगताना डोळे मिटले. म्हणाले, "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तवा मी बापाच्या खांद्यावर होतो. चालता येत होतं, पण गर्दी लय होती." छप्पन साल आणि खांद्यावर बसणारं पोर, म्हणजे तेव्हा चारेक वर्षांचं. मी बोटांवर मोजून आकडा लिहिला. त्यांनी तो मागून घेऊन पाहिला आणि धर्माच्या रकान्यात बौद्ध नीट लिहिलं आहे ना, तेही पाहिलं. जन्मदाखला दाखवणाऱ्यांपेक्षा त्यांचं वय बरोबर असेल असं मला अजूनही वाटतं.

एका बाईंचा मुलगा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा, रविवारी यायचा. त्या त्याला घरच्या माणसांत धरायला सांगत होत्या. मी नियम सांगितला, तो जिथे जेवतो तिथे मोजला जाईल. त्या आत गेल्या, फळीवरचं एक ताट घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. ताट इथेच आहे, म्हणाल्या. मी त्याला लिहिलं नाही. नियमच तसा होता. बाई रागाने आत निघून गेल्या आणि पुढचे प्रश्न मी त्यांच्या नवऱ्याला विचारले.

सगळ्यांत खोटी उत्तरं यायची ती बायकांच्या कामाबद्दल. घरधनी पुढे बसून सांगणार, ती काही करत नाही, घरीच असते. आणि आतून शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत असायचा. सुरुवातीला मी पुन्हा पुन्हा विचारायचे. मग दिवसाला वीस घरं करायची म्हटल्यावर विचारणं कमी झालं. ते 'नाही' म्हणायचे, मी 'नाही' लिहायचे. अंजनाबाईंची गोष्ट सांगण्याआधी हे सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं ते एकदम झालं नाही हे कळेल.

मागची जनगणना दोन हजार अकराची. तलावामागच्या एका जुन्या घरात विलासराव राहायचे. एका कार्यालयात बाबू होते. भोसल्यांच्या काळापासून घराणं नागपुरात आहे, हे त्यांनी चहा येईपर्यंत दोनदा सांगितलं. उन्हाळ्यातल्या घरयादीत मी तिथे एक कुटुंब लिहिलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी पाच माणसं सांगितली, स्वतः, बायको, दोन मुलं, आई. आईचं वय सत्तर, काम काही नाही. मी नेहमीप्रमाणे कच्च्या वहीत टिपून घेतलं. मूळ तक्त्यावर खाडाखोड चालत नसे, म्हणून आम्ही सगळेच आधी वहीत लिहायचो आणि मग घरी बसून सुवाच्य अक्षरात उतरवायचो.

पुढच्या घराकडे जायला बाजूच्या बोळातून वाट होती. त्या बोळात विलासरावांच्या घराचं मागचं दार उघडायचं. दारात एक म्हातारी उभी होती, नऊवारीचा ओचा खोचलेला, हात कोपरापर्यंत डाळीच्या पिठाने माखलेले.

"वं बाई," तिने हाक मारली. "मले कुठी लिहिलं?"

मी सांगितलं, मुलाच्या कुटुंबात लिहिलं आहे, आई म्हणून. तिने मला आत बोलावलं. बोळाएवढीच अरुंद खोली होती. कोपऱ्यात दोन विटांवर मातीची चूल, वर काळं पातेलं, भिंतीला टेकवलेल्या काड्या आणि जमिनीवर जुन्या धोतरावर ओळीने घातलेल्या मूगवड्या. पुढच्या खोलीत जायच्या दाराला आतून कडी होती.

ती मूगवड्या आणि उन्हाळ्यात कुरड्या करून विकायची. बुधवारच्या बाजारातून डाळ आणायची, पाट्यावर वाटायची. गिऱ्हाईकं ठरलेली होती. तीन वर्षांपासून आपलं आपण रांधून खात होती. का वेगळी झाली, ते मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. ताट वाढताना एकदा एक शब्द आला. शब्द कोणता ते मात्र सांगितलं नाही. पोरगा चांगला आहे, सूनही वाईट नाही, असं दोनदा म्हणाली.

"माही चूल अलग आहे," ती म्हणाली. "मंग मले अलग लिह्य."

मी तिला समजावलं की या कागदावरून काहीही मिळत नाही. रेशन कार्ड बनत नाही, घरकुल मिळत नाही, ही फक्त मोजणी आहे. हे आम्हाला सगळ्यांनाच सांगावं लागायचं, कारण बाईच्या हातात तक्ता दिसला की लोकांना योजना दिसायची. ती ऐकत राहिली आणि हाताला चिकटलेलं पीठ काढत राहिली.

"मले काही भेटनार नाही, ते मालूम आहे," ती म्हणाली. "पन मी कोनाचं खात नाही, हे एका तरी कागदावर राहू दे."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि वहीत नवं पान उघडलं. नियम तिच्या बाजूने होता आणि मला त्या दुपारी फार बरं वाटलं, हे कबूल करते. लिहून झालं तशी ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. कुटुंबप्रमुख अंजनाबाई. एकूण व्यक्ती एक. काम, मूगवड्या व कुरड्या करून विकणे.

"पुन्हा वाच वं."

मी पुन्हा वाचलं. तिने मान हलवली आणि मूगवड्या घालायला बसली.

दोन दिवसांनी आमच्या पर्यवेक्षक सरांनी शाळेत सगळ्यांच्या वह्या पाहिल्या. तेही शिक्षकच, माझ्यापेक्षा थकलेले, त्यांच्या माथी सहा गट होते. घरयादीत या घरात एक कुटुंब आहे आणि इथे दोन कुठून आली, असं त्यांनी विचारलं. मी चूल सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एक कुटुंब वाढलं तर पुढचे सगळे अनुक्रमांक बदलतील, गोषवारा बदलेल, बेरजा पुन्हा कराव्या लागतील. म्हातारी पोराच्याच घरात आहे ना, एकच ठेवा, म्हणाले. वर हेही म्हणाले की मुलगा भला माणूस आहे, उगाच त्याच्या घरात फूट पडल्याचं कशाला लिहायचं.

दुमडलेल्या कोपऱ्याची पुस्तिका माझ्या पिशवीत होती. ती काढून दाखवली असती तर सर नाही म्हणाले नसते, ते नियम मानणारे होते. मी ती काढली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात चाचणी होती, घरी सासूबाईंना ताप होता, आणि चाळीस घरं अजून उतरवायची राहिली होती. मी घरी जाऊन अंजनाबाईंना विलासरावांच्या कुटुंबात पाचव्या क्रमांकावर लिहिलं. नातं, आई. काम, नाही. अक्षर सुंदर आलं होतं.

सरांना मी दोष देत नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. कंटाळा आला होता, एवढंच.

मोजणी संपल्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला पुन्हा एकदा प्रत्येक दारी जावं लागायचं. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं का, कुणी गेलं का, ते विचारायला. मी विलासरावांच्या पुढच्या दारावर विचारलं आणि बोळ टाळून मुख्य रस्त्याने निघाले. ती घराला वळसा घालून रस्त्यावर आली. बहुतेक वाट पाहत असावी.

"लिहिलं नं वं?"

"हो, लिहिलं," मी म्हटलं.

वर्तमानपत्रात बांधलेली पुडी तिने माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं, आम्हाला असं काही घेता येत नाही म्हटलं. "विकून नाही राहिली तुले," ती म्हणाली. "घरी घेऊन जा, वांग्यात टाक." मी घेतली. त्या मूगवड्या आम्ही दोन वेळा खाल्ल्या. कुठून आणल्या, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा बाजारातून आणल्या म्हणून सांगितलं, म्हणजे तेही खोटंच.

त्यानंतर ती मला बुधवारच्या बाजारात भेटत राहिली. डाळवाल्याला सांगायची, या बाईनं माहं कुटुंब लिहून नेलं. शेजारच्या भाजीवालीला सांगायची. एकदा तर अनोळखी बाईला थांबवून सांगितलं. मी हसायचे आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. पुढे पुढे मी बाजारात दुसऱ्या टोकाने शिरायला लागले. तिकडे भाजी महाग मिळायची.

खरं सांगून टाकावं असं अनेकदा मनात आलं. एकदा ठरवून बोळापर्यंत गेले होते. ती दारात बसून शेजारणीशी बोलत होती आणि मला पाहून इतकी खूश झाली की मी मतदार यादीचं काहीतरी विचारून परत आले. दिवस गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. पुढची जनगणना होईल तेव्हा तिला बरोबर लिहून घेईन, असं मी स्वतःला समजावत होते. ती वेळेवर झालीच नाही. आधी साथ आली, मग तारखा पुढे गेल्या, मग मी तारखा विचारायचं सोडलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मतदार यादीतली मयत नावं कमी करायचं काम माझ्याकडे होतं. यादी घेऊन घरोघर फिरायचं, कोण गेलं ते विचारायचं, दाखला पाहायचा, अर्ज भरून घ्यायचा. विलासरावांच्या घरात आईचं नाव होतं. ती चार महिन्यांपूर्वी गेली होती. मला कळलं नव्हतं, कारण मी त्या बाजूने जातच नव्हते.

विलासराव आता निवृत्त झाले होते, केस पांढरे. त्यांनी मृत्यूचा दाखला आणला, मी अर्ज भरला, त्यांनी सही केली. शेवटपर्यंत आपलंच रांधत होती, म्हणाले. शेवटचे पंधरा दिवस सुनेच्या हातची पेज घेतली, तीही चमचाभर. मागची खोली आता कपडे धुवायच्या मशीनला दिली आहे, पण चूल काढली नाही, का ते त्यांनाही सांगता येईना. मी कागद पिशवीत घालून उठले तेव्हा ते दारापर्यंत आले.

"मॅडम, एक विचारू का?" ते म्हणाले. "आई सांगत राहायची, तुमचं-माहं कुटुंब अलग आहे, मॅडमनं सरकारात लिहून नेलं. खरंच लिहिलं होतं का?"

त्यांच्याकडे पाहून मला वाटलं, नाही म्हटलं तर या माणसाचं ओझं उतरेल. आणि नाही हेच खरं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तिचं नाव मीच पुन्हा एकदा काढून टाकलं असतं, तेही मतदार यादीतून काढायला आले त्याच दिवशी.

"हो," मी म्हटलं. "वेगळंच लिहिलं होतं."

त्यांनी चष्मा पुसला.

"बरं केलं. इतकी वर्षं तुमच्यावर राग धरून होतो मी. पण खरं तेच होतं नं. मी तुमच्या जागी असतो, तर नसतं लिहिलं."

मी नमस्कार करून पायऱ्या उतरले. पुढच्या घरी चार नावं होती, ती विचारली. त्यापुढच्या घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी यादी जमा केली आणि रिक्षाने घरी आले. रिक्षाला मी सहसा पैसे घालवत नसे, पण त्या दिवशी घालवले.

परवा ती तरुण शिक्षिका निघाली तेव्हा मी तिला विचारलं, एका घरात दोन चुली निघाल्या तर काय करता. दोन कुटुंबं लिहितो, असं ती लगेच म्हणाली. लिही मग, म्हटलं, कुणी एक करायला सांगितलं तरी दोनच लिही. तिने हो म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. तिला अजून पुष्कळ घरं करायची होती.

या लेखात विलासरावांचं नाव मी बदललं आहे. जनगणनेत जे कळतं ते बाहेर सांगायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं आहे आणि ते मी पाळत आले. तिचं नाव बदललेलं नाही. जे मी कधी लिहिलंच नाही, ते गुप्त काय ठेवायचं. म्हणून आता लिहिते आहे, उशिरा का होईना, आणि या पानावर तपासायला कुणी सर येणार नाहीत.

कुटुंबप्रमुख, अंजनाबाई. एकूण व्यक्ती, एक. काम, मूगवड्या व कुरड्या करून विकणे.